हा बीम ओतायचा कधी? सागरी बांधकामातल्या करिअरबद्दल

प्रश्न: सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर पालघर जिल्ह्यात किनाऱ्यावर, वडील मच्छीमार. मला बंदरं, जेट्ट्या, समुद्रातले पूल यांच्या डिझाइनमध्ये जायचं आहे. एम.टेक. स्ट्रक्चरमध्ये करू की ओशन इंजिनिअरिंगमध्ये? सुरुवात डिझाइन ऑफिसातून करावी की साइटवरून? पैसे बरे मिळतात का? आणि गावात वाढवण बंदराला विरोध आहे, घरी काय सांगू?

उत्तर:

तुला अरेतुरे केलं तर चालेल असं धरते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. या कामात मला चोवीस वर्षं झाली. सुरुवात डिझाइन ऑफिसात, मग तीन वर्षं साइट, मग पुन्हा डिझाइन. आता मुख्यतः दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासते. हा क्रम मी ठरवून घेतला नव्हता. एका बीमनं तो घ्यायला लावला. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, म्हणून आधी तेच सांगते.

एम.टेक. होऊन वर्ष झालं होतं. मुंबईच्या खाडीत एका छोट्या प्रवासी जेट्टीचं डिझाइन माझ्याकडे आलं. ओहोटीच्या वेळी लाँचमधून उतरायला खालच्या पातळीवर एक लँडिंग हवं होतं. त्याला आधार देणारा बीम मी काढला आणि त्याचा तळ चार्ट डेटमच्या वर १.५ मीटरवर ठेवला. चार्ट डेटम म्हणजे समुद्राच्या नकाशातल्या खोल्या जिथून मोजतात ती पातळी. साधारण अगदी खालच्या ओहोटीचं पाणी समज. हिशेब चोख होता, सळ्या व्यवस्थित बसत होत्या, वरिष्ठांनी सही केली. आठवड्याभरानं साइटवरच्या म्हाताऱ्या सुपरवायझरांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, बीम झकास आहे. ओतायचा कधी?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावून सांगितला तो असा. मुंबईत उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची, सरासरी भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, भरती ३.३० आणि ओहोटी १.८६. म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी सरासरीनं १.८६ च्या खाली उतरतच नाही. त्या दिवसांत माझ्या बीमचा तळ चोवीस तास पाण्याखाली. राहिले अमावास्या-पौर्णिमेच्या अलीकडचे पलीकडचे चार-पाच दिवस. तेव्हा एका ओहोटीत पाणी १.५ च्या खाली साडेतीन तासांच्या आसपास राहतं. पण शटरिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्याचा) तळ आणि त्याखालचा आधार बीमच्याही खाली असतो, वर लाटा उडत असतात, त्यामुळे हातात खरे दोन तास. शिवाय मुंबईत उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या. बार्ज, म्हणजे सामान आणि माणसं नेणारा सपाट तराफा, पहाटे चारला निघणार, अंधारात सळ्या बांधणार, उजाडता उजाडता काँक्रीट ओतणार आणि ते घट्ट व्हायच्या आत खाडी वर चढणार.

ते सगळं त्यांनी पंचांग न उघडता सांगितलं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब तुझ्या वडिलांना ठाऊक असेलच: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, भरतीची वेळ आली. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. पाण्याची वेळ रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यातून हा ठोकताळा आला. मी एम.टेक.ला लाटांचे सिद्धान्त शिकले होते, डिफरन्शियल इक्वेशनसकट. हे नव्हते शिकले.

तो बीम शेवटी काढूनच टाकला. वरच्या डेकच्या बीमला किनाऱ्यावर ओतलेला तयार तुकडा क्रेननं टांगला, दोन ओहोट्यांत काम झालं. आणि मी स्वतःहून साइट मागून घेतली.

म्हणून सांगते, आधी साइट. दोन वर्षं तरी, आणि त्यात एक पूर्ण हंगाम धर: ऑक्टोबरात बार्ज उतरवण्यापासून मेअखेरीस सगळं गुंडाळून आडोशाला नेईपर्यंत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उघड्या समुद्रातलं काम पावसाळ्यात जवळपास बंद असतं. वर्षाचे आठ महिनेच हातात आहेत हे ज्याला अंगात मुरलेलं नाही, तो कागदावर सुंदर आणि पाण्यात अशक्य गोष्टी काढतो. इमारतीच्या कामात आधी डिझाइन, मग ते बांधायचं कसं हे ठेकेदार बघतो. इथे उलट आहे. कोणती क्रेन मिळणार, ती बार्जवर किती लांब किती टन उचलणार, पाइल (तळात रुतवायचा खांब) सरळ धरणारा गाइड कशाला टेकवणार, यावरून डेकच्या तुकड्यांची लांबी ठरते. ती ठरली की मग बीमचं गणित.

आता भार. कॉलेजात तुला स्वतःचं वजन, माणसांचं वजन, वारा, भूकंप शिकवले. जेट्टीला हे सगळं आहेच, पण तिची झोप उडवतो तो आडवा धक्का. ५०,००० टन वजनाचं जहाज सेकंदाला १५ सेंटिमीटर वेगानं धक्क्याला लागतंय असं धर. माणूस रमतगमत चालतो त्याच्याही सात-आठ पट हळू. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग करून बघ: साधारण ५६० किलोज्यूल. दीड टनाची मोटार ताशी १०० किलोमीटरनं भिंतीवर आदळली तर जवळजवळ एवढीच ऊर्जा. फरक एवढाच की जेट्टीनं ही धडक रोज सोसायची, जहाजाला ओरखडा न येऊ देता. ते काम रबराचा फेंडर करतो, दाबला जाऊन. जहाज धक्क्याला आणणारा पायलट थोडा घाईत असला आणि वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. म्हणून फेंडर निवडताना मी जहाजाच्या वजनापेक्षा वेगाच्या आकड्यावर जास्त वाद घालते. जहाजाला ओढणारे-ढकलणारे टग किती आहेत, प्रवाह धक्क्याला समांतर आहे की तिरका, जागा वाऱ्याला उघडी आहे का, हे सगळं त्या एका आकड्यात दडलेलं असतं. आयएस ४६५१ या भारतीय मानकाचा तिसरा भाग हाताशी ठेव, त्यात हे भार आहेत. अनेक परदेशी कामांत ब्रिटिश मानक बीएस ६३४९ लागतं. पण दोन्हीही तुला वेग सांगणार नाहीत, तक्ता दाखवतील. निर्णय तुझाच.

लाटेचं गणित आणखी वाईट. ब्रेकवॉटरवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या समुद्रातल्या भिंतीवर, किती टनाचा दगड किंवा काँक्रीटचा ब्लॉक ठेवायचा हे हडसनच्या सूत्रानं काढायला तुला शिकवतील. त्यात लाटेची उंची घनात येते. लाट ४ मीटरची ५ मीटर झाली तर ब्लॉकचं वजन जवळजवळ दुप्पट. मरीन ड्राइव्हवर बसून ज्या चार पायांच्या टेट्रापॉडवर लोक फोटो काढतात, तो आकार १९५० मध्ये फ्रान्सच्या ग्रनोबल इथल्या प्रयोगशाळेत निघाला. त्यानंतर डोलोस, अॅक्रोपोड, एक्सब्लॉक असे कितीतरी आले. प्रत्येकाचा हेतू एकच, कमी काँक्रीटमध्ये एकमेकांत जास्त गुंतणं.

इथे पोर्तुगालच्या सिनेस बंदराची गोष्ट सांगायलाच हवी, कारण स्ट्रक्चरवाल्यांनी ती विसरू नये. तिथल्या ब्रेकवॉटरवर ४२ टनांचे डोलोस ठेवले होते, सळी नसलेले. डोलोस म्हणजे इंग्रजी एच अक्षराचा एक पाय पिरगळल्यासारखा आकार. फेब्रुवारी १९७८ च्या वादळात त्यांतले जवळपास दोन तृतीयांश गेले. नमुन्यावर चाचण्या झालेल्या होत्या! पण प्रयोगशाळेतला नमुना लाटेत ब्लॉक हलतो की नाही ते दाखवतो, मोडतो की नाही ते दाखवत नाही. ५० पट लहान नमुन्यात वजन ५० च्या घनानं कमी होतं, म्हणजे १० टनांचा ब्लॉक ८० ग्रॅमचा. तो ८० ग्रॅमचा तुकडा मात्र त्याच्या आकाराच्या मानानं प्रचंड मजबूत असतो, टेबलावरून पडला तरी फुटत नाही. खरा ४२ टनांचा डोलोस नुसता डुलला तरी त्याच्या मधल्या दांड्याला तडा जाऊ शकतो. पाण्याचं शास्त्र जाणणारे आणि काँक्रीटचं शास्त्र जाणणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसले की असं होतं. त्या दोन खोल्यांमधल्या दारात उभं राहणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत. तुला जागा शोधायची असेल तर ती तिथे आहे.

नमुन्यांवरून आठवलं. खडकवासल्याला सेंट्रल वॉटर अँड पॉवर रिसर्च स्टेशन आहे, १९१६ पासूनचं. बंदरांचे आणि ब्रेकवॉटरचे नमुने तिथे मोठमोठ्या शेडमध्ये बांधलेले असतात. कॉलेजच्या पत्रावर भेट मिळते. एकदा जाऊन ये. पत्र्याच्या शेडखाली पायाच्या घोट्याएवढ्या पाण्यात अख्खं बंदर बघितल्यावर लाट भिंतीवर आपटून परत कुठे जाते, कोपऱ्यात पाणी का उसळतं, हे जे कळतं ते कोणत्याही सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रातून कळत नाही. निदान मला नाही कळलं.

मिठाबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते या व्यवसायात निम्मे पैसे भाराच्या चुकीनं नाही, मिठानं बुडतात.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाच्या २००० च्या आवृत्तीत एक तक्ता आहे, कॉलेजात पाठ करून विसरतात तो. त्यात कायम समुद्राच्या पाण्यात बुडालेलं काँक्रीट 'सिव्हिअर', म्हणजे किमान एम ३० (एमपुढचा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा). समुद्राचे तुषार अंगावर येणारं 'व्हेरी सिव्हिअर', एम ३५. आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं 'एक्स्ट्रीम', एम ४०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या वर नाही. नवख्याला हे उलटं वाटतं. पूर्ण बुडालेलं जास्त धोक्यात हवं ना? नाही. गंजायला मीठ लागतं तसा प्राणवायूही लागतो, आणि तो पाण्याखाली फार कमी पोचतो. वरच्या पट्ट्यात दिवसातून दोनदा भिजणं-वाळणं चालतं. पाणी उडून जातं, मीठ आत राहतं, पुढच्या भरतीला आणखी येतं. एकदा ते सळीपर्यंत पोचलं की गंज सुरू होतो, गंज फुगतो, आणि बीमच्या पोटाचं काँक्रीट ढलप्यांनी गळतं.

कोकणातल्या कुठल्याही जुन्या जेट्टीखाली ओहोटीला होडीतून जा. वरून डेक ठणठणीत दिसतो, गाड्या जातात. खाली बीमची तळाची सळी उघडी, कागदासारखी सुटत चाललेली. माझ्या एका कामात तर कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, ७५ मिलिमीटर लिहिलं होतं आणि पाच वर्षांत तांबूस ओघळ दिसले. काँक्रीट भोक पाडून तपासलं तर सळी ३० मिलिमीटरवर. सळी साच्यापासून लांब धरणारे कव्हर ब्लॉक संपले म्हणून रात्रीच्या ओतकामात खडीचे तुकडे सरकवले होते. ती चूक मुकादमाची म्हणावी तर ओतायच्या आधी तपासणीच्या कागदावर सही माझ्याच टीममधल्या मुलाची होती, आणि तो पहाटे चारला उठून आला होता. तेव्हापासून मी ड्रॉइंगवर जिथे शक्य असेल तिथे तुकडे किनाऱ्यावर, उजेडात, पाण्यापासून लांब ओतायला लावते. स्लॅग किंवा फ्लाय अॅश मिसळलेलं सिमेंट, नीट केलेलं क्युअरिंग (ओतल्यावर काँक्रीट ओलं ठेवणं) आणि खरोखर असलेलं कव्हर, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. खास रसायनं, लेप, कॅथोडिक प्रोटेक्शन (विजेच्या प्रवाहानं सळीचा गंज रोखणं) हे त्यानंतर. पण खास गोष्टींना बजेट मिळतं आणि क्युअरिंगच्या गोणपाटाला मिळत नाही, हे या धंद्यातलं जुनं दुखणं.

कधी मुरुडला गेलास तर पद्मदुर्ग बघ. तटाचे दगड लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं झिजून आत गेलेत आणि त्यांच्या सांध्यातला चुना मात्र तसाच पुढे आलेला आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी चुना मळायला वेळ दिला होता.

जमिनीचा विषय थोडक्यात आटपते, तो स्वतंत्र उत्तराचा आहे. मुंबईच्या खाडीत वर मऊ सागरी चिकणमाती आणि खाली झिजलेला, मग कठीण बेसाल्ट, मधूनच ब्रेशिया किंवा टफ हे वेगळे खडक. पाइल चिखलातून उतरून खडकात रुतवायचा. लायनर (पोलादी नळकांडं) ठोकणं, आतला गाळ काढणं, ट्रेमीनं (पाण्याखाली पोचणाऱ्या नळीनं) काँक्रीट सोडणं, हे बघितल्याशिवाय पाइलच्या डिझाइनला हात लावू नकोस. अटल सेतूवर, २१.८ पैकी साडेसोळा किलोमीटर पाण्यावर, ही अशी कामं शेकड्यांनी झाली. कोस्टल रोडच्या पुलांना एका खांबाखाली एकच जाड मोनोपाइल दिला गेला, त्यानं समुद्रात भोकं पाडण्याचं काम कितीतरी कमी झालं. दोन्ही कामांवर राबलेली पोरं आता बाजारात आहेत आणि त्यांना मागणी आहे, हे तुझ्या माहितीसाठी.

आता शिक्षण. आधी एक गोंधळ मिटवू, कारण तुझ्या नातेवाइकांपासून नोकरीच्या साइटपर्यंत सगळे तो करतात. 'मरीन इंजिनिअर' म्हणजे जहाजाच्या इंजिन रूममध्ये काम करणारा. 'नेव्हल आर्किटेक्ट' जहाजाचा आराखडा करतो. तू शोधतोयस ते 'पोर्ट अँड हार्बर', 'मेरिटाइम', 'कोस्टल' किंवा 'ऑफशोअर स्ट्रक्चर' या नावांखाली सापडेल. गेट या प्रवेश परीक्षेत नेव्हल आर्किटेक्चर अँड मरीन इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे. नाव बघून त्याच्या मागे लागू नकोस, तुझा पेपर सिव्हिलचाच.

स्ट्रक्चर की ओशन? जेट्टी, धक्के, समुद्रातले पूल हेच डोक्यात असेल तर स्ट्रक्चर घे आणि लाटांचा एक, पायाचा एक असे दोन विषय हट्टानं जोड. ब्रेकवॉटर, किनाऱ्याची धूप, वाळूची हालचाल यात रस असेल तर ओशन किंवा कोस्टल. ओशनसाठी आयआयटी मद्रासचा विभाग आपल्याकडे सगळ्यात मोठा अनुभव असलेल्यांपैकी आहे, आयआयटी खरगपूर आहे, सुरतकलचं एनआयटी आहे. परदेशात जायची ऐपत किंवा शिष्यवृत्ती असेल तर नेदरलँड्समधलं डेल्फ्ट. तो अर्धा देशच समुद्रसपाटीच्या आगेमागे राहतो, त्यांना हा विषय पोटापाण्याचा आहे. तिथे ३०० मीटर लांबीचा लाटांचा कालवा आहे, त्यात साडेचार मीटरपर्यंतच्या लाटा उठवतात. म्हणजे ८० ग्रॅमच्या ब्लॉकची भानगडच नको.

माझं खरं मत विचारशील तर एम.टेक. दोन वर्षं साइट करून मग कर. प्रश्न घेऊन वर्गात बसलेला विद्यार्थी वेगळा असतो. पण घरची परिस्थिती, गेटचा स्कोअर टिकण्याची मुदत, हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत.

सॉफ्टवेअरची यादी सगळे विचारतात. स्टॅड बहुतेक जेट्ट्यांना पुरतं, ऑफशोअर प्लॅटफॉर्मला सॅक्स, मातीला प्लॅक्सिस, लाटा-प्रवाहाला माइक २१ किंवा डेल्फ्ट थ्रीडी. एक नीट येऊ दे, बाकीची नोकरी शिकवते. मुलाखतीत मी कधीच सॉफ्टवेअर विचारत नाही. कोरा कागद देते आणि सांगते, पाण्याची खोली दहा मीटर, खाली चार मीटर चिखल, मग खडक, जहाज एवढं, धक्का काढ. कोणता भार कुठून कसा खडकापर्यंत जातो ते ज्याला बाणांनी दाखवता येतं त्याला घेते.

कामाची तीन गावं आहेत म्हण. पहिलं बंदरांचं: ठेकेदार कंपन्या, सल्लागार कंपन्या, पोर्ट ऑथॉरिटी, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड. दुसरं ऑफशोअरचं. मुंबई हायमध्ये १९७४ मध्ये तेल लागलं आणि तिथले कितीतरी प्लॅटफॉर्म आता वयस्कर झालेत. त्यांचं आयुष्य वाढवायचं की उतरवायचे, हे पुढचं मोठं काम आहे. नवीन काढण्यापेक्षा जुन्याला तपासणं जास्त अवघड आणि जास्त बुद्धीचं असतं, पण तरुणांना ते कमी दर्जाचं वाटतं. तिसरं किनारा-संरक्षणाचं, ज्यात पैसे सगळ्यात कमी आणि लोकांशी संबंध सगळ्यात जास्त. समुद्रातल्या पवनचक्क्यांबद्दल तू ऐकलं असशील. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी केंद्रानं २०२४ मध्ये आर्थिक मदत मंजूर केली खरी, पण त्यावर आज करिअर बेतू नकोस. त्याच विषयाचं काम युरोपसाठी मुंबई-पुण्यातल्या ऑफिसांतून होतं, ते मात्र बघ.

पैशाचं स्पष्ट सांगते. पहिली चार-पाच वर्षं इमारतीवाल्या मित्रांएवढेच, कधी कमी. सात-आठ वर्षांनी फरक पडायला लागतो, कारण तोवर अर्धे लोक बाहेर पडलेले असतात. आखातातल्या आणि ऑफशोअरच्या रोटेशनच्या नोकऱ्यांत चांगले पैसे आहेत. त्यांची किंमत मुलांच्या वाढदिवसांत मोजावी लागते.

आणि अंगमेहनत आहे. बोट लागणं हे लाज वाटण्यासारखं काही नाही, मला अजूनही लागते. उसळत्या लाँचमधून बार्जच्या शिडीवर पाय टाकायचा क्षण लाट वर असताना असतो, खाली जाताना नाही. हे सारंग सांगेल तसंच कर, डिग्री खिशात ठेवून. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ ही राहण्याची बार्ज बुडाली आणि तिथे राबणारी माणसं गेली, हे घरच्यांपासून लपवू नकोस. हवामानाचा इशारा आला की काम थांबवायचा आग्रह धरणारा इंजिनिअर व्हायचं आहे तुला. तुझ्या वर्गातल्या मुलींनाही हे वाचायला दे. माझ्या वेळी बार्जवर बाईसाठी संडास नव्हता, म्हणून मी सकाळी पाणी न पिता जायची. आता मोठ्या कामांवर सोय असते. छोट्या कामांवर आधी विचारून घ्यावं, संकोच न करता.

राहिला वाढवण. यावर मी तुला टाळ्या मिळतील असं उत्तर देणार नाही.

प्रकल्प ७६,२२० कोटींचा, १,४४८ हेक्टर समुद्रात भराव, दहा किलोमीटरच्या वर संरक्षक बांधकाम. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं १९९८ मध्ये तिथल्या बंदराला नकार दिला होता आणि २०२३ मध्ये होकार. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी आणि पायाभरणी झाली. तुझ्या वडिलांचा प्रश्न हा की जिथे जाळं टाकतो तिथे भराव आला तर आम्ही कुठे जायचं. तो प्रश्न भावनिक नाही, तांत्रिकही आहे. समुद्रात भिंत घातली की वाळूचा प्रवास बदलतो हे आमच्या शास्त्राला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. मद्रासचं बंदर एकोणिसाव्या शतकात बांधलं, दक्षिणेला वाळू साठून मरीना बीच रुंदावला आणि उत्तरेचा किनारा खचत गेला. पुदुच्चेरीत ऐंशीच्या दशकाअखेर बंदराच्या भिंती आल्या आणि शहरासमोरची वाळू गेली, उरला दगडांचा ढीग. ती थोडी परत आणायला तीसेक वर्षांनी पाण्याखाली कृत्रिम रीफ बसवावं लागलं. पूर्व किनाऱ्यावर वाळू एकाच दिशेनं फार वाहते, आपल्याकडचं चित्र तितकं सरळ नाही, गाळ आणि मोठी भरती आहे. पण 'काही होणार नाही' असं कोणी ठामपणे म्हणालं तर त्याला विचार, किती वर्षांच्या मोजमापांवरून?

तू या क्षेत्रात आलास म्हणून बंदर होणार किंवा थांबणार असं नाही. फरक पडतो तो खोलीत कोण बसलं आहे यानं. मी कितीतरी बैठकांना गेले जिथे मासेमारीच्या जागा नकाशावर एका फिकट निळ्या पट्ट्यानं दाखवलेल्या असतात आणि त्या पट्ट्याच्या आत कोणती खडपं, कोणत्या महिन्यात कोणतं जाळं, हे टेबलावरच्या एकालाही सांगता येत नाही. तुला येईल. ते ज्ञान विकायचं की वापरायचं हे तू ठरव, आणि वाढवणच्याच कामावर नोकरी करायची की नाही हेही. मी तुझ्या जागी असते तर पहिली नोकरी दुसरीकडे घेतली असती, गावात मान वर करून फिरता यावं म्हणून. पण मी दादरला वाढले, माझं यात काहीच पणाला नाही.

घरी सांगताना करिअर वगैरे शब्द नको. वडिलांबरोबर एक पंधरवडा बोटीवर जा. वही घे. रोज भरतीची वेळ, पाणी कुठवर आलं, प्रवाह कधी फिरला, वारा कुठला, एवढं लिही आणि छापील टाइड टेबलशी ताडून बघ. तिथीचा तो तीन-चारचा हिशेब मुंबईला बऱ्यापैकी जुळतो. तुमच्या खाडीच्या तोंडाशी किती मिनिटांचा फरक पडतो ते वडिलांना विचारून मला नक्की कळव, मला ते खरंच हवं आहे.